स्टेशनकडे पाठ करा आणि चालायला लागा

घोडबंदर रोडवरून टीएमटीची बस, ठाणे स्टेशनबाहेरचा सॅटिसचा पूल, जिना, प्लॅटफॉर्म, लोकल. संध्याकाळी हेच उलट. लग्न होऊन चरईतून मानपाड्याला राहायला गेले त्याला एकवीस वर्षं झाली आणि तेवढी वर्षं जुन्या ठाण्याशी माझा संबंध एवढाच. मागच्या डिसेंबरात ऑडिटच्या वेळी रविवारी काम केलं, त्याबदली बँकेने मंगळवारची सुट्टी दिली. नवरा कामावर, मुलगी कॉलेजला. घरी बसले असते तर माळा आवरायला काढला असता. म्हणून नेहमीच्याच बसने स्टेशनला गेले, पण पूल चढले नाही. स्टेशनकडे पाठ केली आणि चालायला लागले.

त्यानंतर तीनदा गेले. एकदा मुलीला घेऊन, एकदा एकटी आणि एकदा भर जुलैत, जो शुद्ध मूर्खपणा होता. ऑफिसातल्या मुली विचारतात की दिवसभर करतेस काय तिथे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

निघण्याआधी

दिवस कामाचा निवडा. रविवारी राम मारुती रोडवर माणसाला माणूस चिकटलेला असतो आणि कोर्ट नाका मात्र ओस पडतो. आपल्याला नेमकं उलट हवंय. श्रावणातला सोमवार टाळा, कौपिनेश्वराची रांग बाहेर येते. शनिवारही नको, कारण पुढे येईल. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर अकराच्या आत अर्धं उरका आणि उरलेलं पाचनंतर.

गाडी आणू नका. पहिल्या फेरीला बस केली ते नशीब, दुसऱ्या फेरीला मी स्कूटर आणली. सकाळची पाऊण तास जागा शोधली, शेवटी एका दुकानापुढे लावली आणि दुपारी आले तर स्कूटर उचलून नेलेली. फलक अगदी डोळ्यांसमोर होता, त्यामुळे कोणावर चिडायचीही सोय नव्हती.

पायात जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट. नवे सँडल घालून निघालात तर टेंभी नाक्यावर बँडेडचं दुकान शोधाल. पाण्याची बाटली, रुमाल, सुटे पैसे, दुमडून पिशवीत मावणारी छत्री. आणि बायकांसाठी खास: स्वच्छतागृहाचा विचार आधीच करून ठेवा. रस्त्यावरच्या सोयीवर विसंबू नका. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला चांगल्या, बसायच्या हॉटेलात शिरा, चहा-सँडविच घ्या, काम उरकून घ्या. तो चहा नसून भाडं आहे असं समजा.

सगळा फेरा माझ्या मोबाइलच्या हिशेबाने साधारण सहा किलोमीटर भरतो. त्याला मी सात-आठ तास लावते.

सुरुवात

पश्चिमेला बाहेर पडून पुलाखाली एका कडेला दोन मिनिटं थांबा. धक्के बसतील, बसू द्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथे येऊन थांबली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर, वेळ तासाभराच्या आगेमागे. आमची स्लो लोकल आजही साधारण तेवढाच वेळ घेते, फक्त आता तोफांची सलामी मिळत नाही.

आता खायचं. मामलेदार मिसळ जवळच आहे, मामलेदार कचेरीच्या शेजारी म्हणून ते नाव पडलं. साडेनऊच्या आत पोहोचा. ठाणेकराला इथे काही शिकवायला नको, पण मी इतकी वर्षं एक चूक करत होते ती सांगते: पराक्रम दाखवायला तिखट मागायची. दिवसभर चालायचं असेल तेव्हा मीडियम मागा. मीडियमसुद्धा कानातून वाफ काढते. तिखट खाऊन निघालात तर पुढचे दोन तास तुम्ही इतिहास बघणार नाही, ताक शोधाल.

जांभळी नाका

तिथून जांभळी नाक्याकडे. हा भाग मी सावकाश करते. इथे एक नियम पाळा: दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि गल्लीची तोंडं बघायची, पण मुख्य रस्त्याने सरळ जायचं नाही. एका गल्लीत नुसती फुलं, एकीत सुकी मासळी नाकाआधी कळते, पुढे पूजेचं सामान, मसाल्याची दुकानं, मिरच्यांच्या पोत्यांपाशी सगळ्यांनाच शिंका. हमाल ‘बाजूऽ’ म्हणाला की मागे वळून बघू नका, आधी बाजूला व्हा. मग बघा.

भाव विचारा. घ्यायचं नसलं तरी विचारा, पण मालाला हात लावू नका. एका मिरचीवाल्या काकांना मी ‘ही लवंगी का?’ एवढंच विचारलं, तर त्यांनी ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशी तीन पोती दाखवून कोणती रंगाला, कोणती वासाला आणि कोणती नुसत्या सुडाला हे समजावलं. ‘सुडाला’ हा त्यांचाच शब्द. वीस मिनिटं गेली, मी शंभर ग्रॅम ब्याडगी घेतली, ती पर्समध्ये मावली.

मोह आवरायचा तो भाजीचा. सकाळी दहाला ताजी मेथी, कोथिंबिरीच्या जुड्या, कोवळी गवार दिसते आणि हात आपोआप पिशवीकडे जातो. घेऊ नका. ती दिवसभर तुम्हालाच वाहायची आहे, आणि उन्हात चार तास फिरलेल्या मेथीला घरी गेल्यावर कोणी मेथी म्हणत नाही.

कौपिनेश्वर आणि तलाव

बाजाराच्या आवाजातून एकदम कौपिनेश्वराच्या आवारात शिरलं की कान मोकळे होतात. आत्ताचं देऊळ पेशवाईतलं, १७६०च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलं. पण देवस्थान त्याहून फार जुनं मानतात, शिलाहार राजांच्या काळातलं, ठाण्याला श्रीस्थानक म्हणत तेव्हाचं. पिंडी भली मोठी आहे; लहानपणी मला ती बघून भीती वाटायची, कारण बाकीच्या देवळांतल्या पिंड्या माझ्या उंचीच्या मापात बसायच्या आणि ही नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथूनच निघते, तेव्हा इथे उभं राहायला जागा नसते. कामाच्या दिवशी मंडपात दहा-बारा जण. एका खांबाला टेकून बसा. इथे पहिली विश्रांती.

मग मासुंदा तलावाला एक पूर्ण प्रदक्षिणा. आम्ही याला नुसतं तलावपाळी म्हणतो. संध्याकाळी भेळ-पाणीपुरी, बोटी, जोडपी, लहान मुलांचा कल्लोळ, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी अकराची तलावपाळी वेगळी असते. निवृत्त मंडळींचे कट्टे भरलेले, वर्तमानपत्राची पानं वाटून घेतलेली, एकाकडे अग्रलेख, एकाकडे क्रिकेट, आणि शब्दकोड्यावरून भांडण. माझे बाबा वागळे इस्टेटमधून सुटल्यावर जेवून इथे फेरी मारायचे, बरोबर दोन फेऱ्या, त्याहून एक पाऊल जास्त नाही. कोणी ओळखीचं भेटलं तरी फेरी मोडायचे नाहीत, त्यालाच बरोबर चालवायचे. मी दोन फेऱ्या मारते.

गडकरी रंगायतनपाशी थांबून नाटकांच्या जाहिराती वाचा. १९७८ साली हे उघडलं तेव्हापासून ठाण्यातल्या कित्येकांनी पहिलं नाटक इथेच पाहिलंय. संध्याकाळचा प्रयोग आवडीचा निघाला तर तिकीट काढून टाका, दिवसाला शेवट मिळतो. तलावाजवळच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, त्याची मुळं पोर्तुगीज अमलात जातात. प्रार्थना चालू नसेल तर आत शांत बसता येतं. देऊळ, तलाव, चर्च आणि थिएटर, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि मी शाळेत असताना यात काही विशेष आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

टेंभी नाका

इथून टेंभी नाक्याकडे. ही जागा नवरात्रातल्या देवीमुळे आणि दहीहंडीमुळे सगळ्यांना माहीत असते. मी इथे येते ती सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी. ‘शार हाशमाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ साली बांधलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांचं तिकडे लक्ष जातं कोण जाणे. मी स्वतः शाळेच्या दहा वर्षांत हजार वेळा समोरून गेले असेन.

हे सिनेगॉग ज्यांचं ते बेने इस्रायली ज्यू म्हणजे आपलेच कोकणी. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावंही पेणकर, रोहेकर, किहीमकर. शाळेत माझ्या बाकावर बसायची ती मैत्रीण यांच्यातलीच. तिच्या घरी मलिदा खाल्लाय मी, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आमच्या घरच्या दडप्या पोह्यांचा लांबचा मावसभाऊ. सातवीनंतर ते लोक इस्रायलला गेले. जाताना तिची आजी माझ्या आजीशी मराठीत रडली होती.

आत जायचं तर थेट घुसू नका. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, तेव्हा पाहुणे म्हणून जाऊ नये. इतर दिवशी गेटवर नम्रपणे विचारायचं, ओळखपत्र जवळ ठेवायचं, नाही म्हणाले तर वाद न घालता बाहेरूनच बघायचं. मला चार फेऱ्यांत एकदाच आत जायला मिळालं. जवळच पारशांची अग्यारी आहे, तिथे मात्र पारशी नसलेल्याला आत प्रवेश नसतोच. बाहेरून नमस्कार करून पुढे.

कोर्ट नाका आणि जेलची भिंत

कामाचा दिवस निवडा म्हटलं ते या टप्प्यासाठी. कोर्ट नाक्यावर काळे कोट, प्रतिज्ञापत्र टाईप करणारे, झेरॉक्सवाले, फायली छातीशी धरून बसलेली गावाकडची माणसं. इथल्या टपरीवर कटिंग घ्या आणि काही न करता ऐका. अर्ध्या तासात तीन जमिनींचे तंटे आणि एक मोडलेलं लग्न कानावर पडतं.

तिथून खाडीच्या बाजूला गेलं की सेंट्रल जेलची भिंत. रस्त्याच्या पलीकडून बघा, फोटो काढू नका. मी पहिल्या वेळी मोबाइल वर केला तर गेटवरच्या शिपायाने नुसती मान हलवली. तेवढ्याने मोबाइल पर्समध्ये गेला.

हे जेल म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत, २७ मार्च १७३७ला, मराठ्यांनी ठाणं घेतलं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची सुरुवात इथली. १७७४च्या डिसेंबर अखेरीस तो इंग्रजांच्या हातात गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले, शके ९३९चे, म्हणजे इ.स. १०१७चे. म्हणजे या भिंतीखाली आणखी एक ठाणं आहे.

माझी सगळ्यात लाडकी गोष्टही इथलीच. दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी या किल्ल्यात ठेवलं. फितुरी नको म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. मग किल्ल्यातल्या एका साहेबाकडे एक मराठी मोतद्दार कामाला लागला. घोड्याला खरारा करता करता तो त्रिंबकजींच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, गातोय बापडा. सुटकेचा अख्खा बेत त्या गाण्यांत होता. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी भिंतीपलीकडे पसार. बँकेत आमच्याकडे मराठी न समजणारे एक साहेब बदलून आले होते, तेव्हा काउंटरवर आम्ही काय काय बोलायचो ते आठवून मला इथे एकटीलाच हसू येतं.

ही हकिगत आणि त्या गाण्याचा अनुवाद बिशप हेबरने लिहून ठेवला. तो १८२५ साली ठाण्यात आला होता, इथल्या सेंट जेम्स चर्चचं उद्घाटन त्याच्या हातचं. ते चर्चही याच भागात आहे, साधं, आटोपशीर.

मात्र या भिंतीपाशी नुसतं हसून निघता येत नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्याबरोबर कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, या तिघांना १९ एप्रिल १९१०ला इथे फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. मी मुलीला घेऊन गेले ती फेरी तिच्या अठराव्या वाढदिवसानंतरच्या आठवड्यातली. तिला मी वय सांगितलं नव्हतं, तिनेच मोबाइलवर शोधलं आणि कोर्ट नाक्यापर्यंत काही बोलली नाही.

दुपार

इथवर साडेबारा-एक होतो. आल्या वाटेने तलावपाळीला या, वर सांगितलेलं ‘भाडं’ भरा, पाय वर घेऊन बसा. जुलैच्या फेरीत मी हा टप्पा गाळला, ओल्या साडीत तशीच पुढे गेले आणि पुढचे चार दिवस सुंठेचा काढा पीत घरी होते.

दोननंतर चरई. इथे प्रेक्षणीय असं काही नाही, म्हणूनच जा. आळ्यांची नावं विचारत चाला: खारकर आळी, धोबी आळी. नाव का पडलं हे एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं की दोघेजण दोन कारणं सांगतात आणि दोन्ही मान्य करून पुढे जायचं. दगडी शाळेपाशी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला रिक्षा, व्हॅन, आया आणि बर्फाचा गोळा यांचा जो गोंधळ होतो तो माझ्या लहानपणापासून जसाच्या तसा आहे. आमची चाळ मात्र नाही. तिथे सात मजली इमारत झाली, खाली औषधाचं दुकान. आमची मोरी होती तिथे अंदाजाने आता खोकल्याच्या औषधांचं कपाट येतं. दरवेळी मी तिथून काहीतरी विकत घेते. घरात क्रोसिनचा साठा झालाय.

तुमचं बालपण ठाण्यातलं नसेल तर हा टप्पा कसा करायचा? घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा पत्ता घ्या. सासऱ्यांची पहिली भाड्याची खोली, मामाची शिकवणी, कुठलंही चालेल. त्या पत्त्यावर जाऊन तिथून त्यांना फोन लावा आणि ‘आता इथे काय आहे’ ते सांगा. फोन लवकर संपणार नाही, तेव्हा सावली बघून उभे राहा.

पुढे नौपाडा. गोखले रोड, राम मारुती रोडबद्दल मला सांगायचं काही नाही, खरेदीला तुम्ही जाताच. त्या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या आतल्या गल्ल्यांतून घंटाळीपर्यंत जा, झाडं आहेत, जुने दोन मजली बंगले अजून तग धरून आहेत. जे आवडेल ते नीट बघून घ्या. पुढच्या वेळी तिथे हिरवं कापड आणि पत्रे दिसायची शक्यता दाट. चारच्या सुमाराला विष्णुनगरमधला गजानन वडापाव. वडा कोणीही करतं, इथे यायचं ते त्या पिवळ्या, पातळ, बेसनाच्या चटणीसाठी. दुसरी वाटी मागायला लाजू नका, कोणीच लाजत नाही.

शेवटी स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ला वि. ल. भावे आणि मंडळींनी सुरू केलेली ही संस्था. मराठी पुस्तकांसाठी वेगळं ग्रंथालय हवं हे तेव्हा ठाण्यात सुचलं, याचा मला उगाचच अभिमान आहे. वेळा आधी फोनवर विचारून जा. दिवसभरात जे पाहिलं त्यातलं एक काहीतरी वहीत लिहून आणायचं आणि त्यावरचं पुस्तक आहे का ते विचारायचं. मी ‘त्रिंबकजी डेंगळे’ एवढंच लिहिलेला कागद पुढे केला, आणि दहा मिनिटांनी टेबलावर तीन जाड पुस्तकं होती. पाय दुखत होते, पंखा होता, सहा कधी वाजले कळलं नाही. पुढच्या महिन्यात सभासद झाले. सकाळी ८.१२च्या लोकलच्या आधी पुस्तक बदलता येत नाही, तेव्हा शनिवारची वाट बघावी लागते, एवढंच.

परत जाताना सहा ते आठ बसच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. साडेपाचला तरी निघा, नाहीतर सरळ नाटक बघून साडेदहाची बस धरा.

मी पहिल्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा आई आलेली होती, आमच्याकडे राहायला. तिला सगळं सांगितलं. चरई, तलावपाळी, बाबांच्या दोन फेऱ्या, चाळीच्या जागचं दुकान. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पिशवीत डोकावली.

‘‘दिवसभर जांभळी नाक्याला होतीस,’’ ती म्हणाली, ‘‘आणि कोथिंबिरीची एक जुडी नाही आणलीस?’’